अंगठ्याला अजून पटलेलं नाही

पळायच्या नाहीतर सायकलच्या इव्हेंटला स्टार्टवर उभा राहिलो की माझा उजवा अंगठा आपोआप डाव्या तळहातावर फिरायला लागतो. हातात काही नसतं. सोडून नऊ वर्षं झाली, पण अंगठ्याला ते अजून पटलेलं नाही.

मी निपाणीचा. आमच्याकडं तंबाखू आधी पीक, व्यसन नंतर. बाबा शेतात करायचे, आई वखारीत कामाला जायची. संध्याकाळी तिच्या पदराला जो वास यायचा, तोच मला आईचा वास वाटायचा. 1981 साली शरद जोशींच्या आंदोलनात तंबाखूच्या दरासाठी शेतकरी पुणे-बेंगळूर हायवेवर ठाण मांडून बसले, त्यात बाबाही होते. मी तेव्हा पाच वर्षांचा. तेव्हा आमच्या घरात 'खाऊ नको' कुणी कुणाला सांगायचं? आई तर मशेरी लावता लावताच मला म्हणायची, "पिकीवतो म्हणून खायालाच पायजे व्हय रं?"

सोळाव्या वर्षी पहिला बार भरला. चाळिशीला आलो तेव्हा दिवसाला चौदा-पंधरा. स्पेअर पार्टचं दुकान, दिवसभर बूड हलवायचं नाही, आणि गिऱ्हाइकानं मळून पुढं केली की नको म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. वजन 94.

2016 च्या पावसाळ्यात दाढ दुखते म्हणून गेलो. डॉक्टरांनी दाढ राहू दिली बाजूला, खालचा ओठच ओढून धरला. बार जिथं धरायचो नेमका तिथं पांढरा चट्टा. तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टला नऊ दिवस.

प्रेरणा कुठनं मिळाली, असं पोरं विचारतात. प्रेरणा-बिरणा काही नाही. नऊ रात्री झोप नव्हती. घरात फेऱ्या मारल्या की बायको जागी व्हायची, म्हणून पहाटे साडेतीनला चपला घालून रस्त्यावर जायला लागलो. कुत्री मागं लागायची, तेवढंच पळणं. रिपोर्ट आला, कॅन्सर नव्हता. "सोडलीत तर चट्टा जाईलसुद्धा. नाही सोडलीत तर पुढचं मी सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी साडेतीनला जाग आलीच.

पहिले पंधरा-वीस दिवस फार वाईट गेले. डोकं दुखायचं, गिऱ्हाइकाच्या अंगावर जायचो. बडीशेप, लवंग, सगळं चघळून झालं. मग ध्यानात आलं की तलफ आली की उठून चालायला लागायचं, दहा मिनिटांत ती विरते. दिवसातनं सहा-सात वेळा दुकान पोराच्या हवाली करून चौकापर्यंत जाऊन यायचो. चहावाला शेवटी न राहवून म्हणाला, "अण्णा, शुगर झालीया काय?"

चट्टा सात-आठ महिन्यांत गेला. चालण्याचं पळणं कधी झालं ते सांगता येत नाही.

पहिली हाफ मॅरेथॉन साताऱ्याची, 21.1 किलोमीटर. जाताना यवतेश्वरचा घाट चढायचा, येताना तोच उतरायचा. चढ कसाबसा काढला आणि उताराला सुटलो की, पोरासारखा! उतारावर मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार झेलत असतात, हे मला नंतर कळलं. तिसऱ्या दिवसापर्यंत जिना उलटा उतरत होतो, कठडा धरून.

सायकल त्यानंतर आली. 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याची सायकल राइड, साडेतेरा तासांत संपवायची असते, मी पंचवीस मिनिटं राखून संपवली. हिरेबागेवाडी, एम. के. हुबळीचा मलप्रभेवरचा पूल, कित्तूर, धारवाड. बाबा ज्या हायवेवर बसले होते तोच हा हायवे. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "आमी रस्ता अडवला आणि तू त्यावरनं नुसता फिरालास."

कोच वगैरे मी ठरवून झालो नाही. आधी तो चहावालाच आला, मग त्याचा मेहुणा. आता चौदा जण आहेत. निम्म्यांच्या घरात कन्नड, त्यामुळं वॉर्मअपला एक बाजू 'एक, दोन, तीन' मोजते, दुसरी 'ओंदु, एरडु, मूरु', आणि दहापर्यंत कुणाचाच मेळ बसत नाही. माझं निम्मं काम पोरांना आवरायचं. नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी जीव तोडून पळतो, आठवड्यानं नडगी धरून बसतो. घड्याळं सगळ्यांकडं नाहीत, म्हणून मी पाढा म्हणायला लावतो. पळता पळता एकोणीसचा पाढा न थांबता म्हणता आला तर वेग बरोबर. दम तुटला की हळू व्हायचं. (पाढाच येत नसला तर बाराचा चालतो.)

तंबाखूबद्दल मी कुणाला बोलत नाही. कुठल्या तोंडानं बोलणार?

गेल्या महिन्यात एक ट्रकवाला यायला लागलाय. पहिल्याच दिवशी मी त्याचा डावा तळहात बघितला, मधोमध पिवळट. रविवारी तवंदी घाटात आम्ही शेजारी शेजारी चढत होतो. पावलं लहान टाक म्हटलं, टाकली. म्हटलं, म्हण एकोणीसचा.

"ऊं," तो म्हणाला.

"दम लागला?"

त्यानं मान हलवली. नाही. पळता पळताच कडेला वाकून थुंकला, बाहीनं तोंड पुसलं आणि सुरू केलं, "एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस..." सत्तावन्नला अडखळला.