देवबाग ते निवती, ताईच्या सोबतीनं

मालवणजवळच्या देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीच्या वेळी नदीचं पाणी जोरात बाहेर पडतं, समोरून समुद्राची लाट आत यायला बघते आणि दोघांच्या झटापटीत मुखावरच्या वाळूच्या दांड्यापाशी लाटा उभ्या राहून फुटतात. डिसेंबरातल्या त्या सकाळी उजाडायच्या आतच मी आणि माझी मावसबहीण कयाक घेऊन तिथे पोचलो होतो. बेत साधा होता. संगमातून बाहेर पडायचं, भोगव्याच्या किनाऱ्यानं दक्षिणेला निवतीच्या खडकांपर्यंत जायचं आणि खारे वारे जोर धरायच्या आत भरतीबरोबर पुन्हा नदीत शिरायचं.

जाळं सारखं करत बसलेल्या एका काकांनी आमच्याकडे आणि मग पाण्याकडे बघितलं. “पाणी अजून भायर जाता. वायच थांबा.”

ताईनं तिथेच वाळूत बसून डबा उघडला. ना चुळबुळ, ना दर दोन मिनिटांनी घड्याळ बघणं. थांबायला लागलं की ज्यांचा चेहरा पडतो, त्यांच्याबरोबर समुद्रात जायला मला आवडत नाही. पाणी स्थिरावेपर्यंत बराच वेळ गेला. तेवढ्यात तिनं माझ्या लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून बघितले आणि स्वतःचेही मला बघायला लावले. खुणा पुन्हा एकदा ठरवल्या: वल्हं उभं धरलं की ‘माझ्याकडे ये’, डोक्यावर आडवं धरलं की ‘थांब’, शिट्टी तीनदा वाजली की मदत हवी. वाऱ्यात हाक फार लांब जात नाही, म्हणून या खुणा लागतातच.

बाहेर पडलो तेव्हा मतलई वारा मंद होता आणि पाणी जवळजवळ सपाट. कयाकमध्ये बसल्यावर डोळे पाण्यापासून जेमतेम पाऊण मीटरवर असतात. तिथून क्षितिज तीन-सव्वातीन किलोमीटरवरच संपतं, आणि मीटरभराची संथ लाट मधून गेली तरी शेजारची कयाक क्षणभर दिसेनाशी होते. अशा वेळी शंभर मीटर पुढे गेलेला माणूस सोबत नसल्यातच जमा. मागे एका सहलीत आमच्यातला सगळ्यात तगडा गडी कायम पुढे असायचा. किनाऱ्यावर पोचून आमची वाट बघत बसायचा, तेही अगदी प्रेमानं. पण मधल्या पाण्यात तो आमच्या काहीच कामाचा नव्हता. ताई माझ्याहून वेगानं वल्हवते. तरी ती कयाकच्या दोन-तीन लांबी सोडून, माझ्या बरोबरीनं, समुद्राच्या बाजूला राहते.

भोगव्याला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली होती. किनाऱ्यावरून दोर थेट पाण्यात गेलेले, बाहेर तरंगणारे बोये. ताईनं वल्हं आडवं धरून मला थांबवलं आणि होडीतल्या माणसाला हाक मारून कुठून जायचं ते विचारलं. त्यानं हातानं लांबचा वळसा दाखवला, आम्ही तो घेतला. जाळ्याच्या दोरावरून कयाक दामटली तर त्यांची सकाळ वाया जाऊ शकते. आपली मौज आणि त्यांचं पोट यांत आधी काय येतं, हे ज्याला सांगावं लागत नाही, त्याच्याबरोबर मी कोकणात कुठेही जाईन.

निवतीचे खडक जवळ आले तसा सूर पालटला. काळ्या-तांबूस कातळावर पाणी चढत होतं आणि फेस घेऊन परत येत होतं. परतणारी लाट येणाऱ्या लाटेवर आपटली की कयाकखाली पाणी नुसतं उड्या मारतं. इथे आम्ही अंतर वाढवलं, कारण एकमेकांवर आदळायची भीती खडकांइतकीच असते. थोडं बाहेर डॉल्फिनच्या दोन पाठी दिसल्या आणि गेल्या.

आणि समोर, बरंच आत, दीपगृहाचा खडक. वेंगुर्ला रॉक्स. तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्या आपल्या लाळेची घरटी करतात. हवा स्वच्छ होती, खडक हाताशी आल्यासारखा वाटत होता.

“जाऊ या?” मी विचारलं.

ताईनं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं, पाणी प्यायली. मग म्हणाली, “तिथवर जाऊन परत यायचं बळ आहे माझ्यात. पण परत येताना तुला ओढत आणायची वेळ आली, तर तेवढं उरणार नाही.”

ती दमलेली दिसत नव्हती. माझेही हात अजून शाबूत होते. पण तिनं हिशोब दोघांचा केला आणि तो तोंडानं सांगितला. सोबत्याकडून मला सगळ्यात जास्त हवं असतं ते हेच. उलटलेली कयाक सरळ करून आपल्याला पुन्हा आत बसवणं शिकता येतं. आदल्या संध्याकाळी कर्लीच्या शांत पाण्यात आम्ही तेच घोटलं होतं. ती माझ्या कयाकचं टोक स्वतःच्या डेकवर ओढून पाणी ओतून टाकायची, मग दोन्ही कयाक बगलेत घट्ट धरायची, मी मागच्या डेकवर पालथा चढायचो. पण ‘माझं बळ इथवरच’ हे बळ शिल्लक असतानाच सांगणारी माणसं थोडी. बहुतेक जण शेवटपर्यंत ‘मी ठीक आहे’ म्हणतात, आणि ते ठीक नाहीत हे दुसऱ्याला कळतं तेव्हा वारा सुटलेला असतो.

आम्ही वळलो. साडेदहाच्या सुमारास वायव्येकडे पाण्याचा रंग गडद व्हायला लागला, आणि पुढचा टप्पा नाकासमोरच्या वाऱ्यात काढावा लागला. ताईनं मला तिच्या मागच्या बाजूला, आडोशाला घेतलं. संगमापाशी भरती चांगली चढली होती. सकाळी जिथे लाटा फुटत होत्या तिथून पाण्यानंच आम्हाला आत ढकललं.

सौंदाळ्याचं कालवण जेवता जेवता तिनं भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं. दीपगृहाचा खडक तिनं सोडलेला नाही. फक्त त्याआधी टो-लाइन, म्हणजे कयाक ओढायचा दोर, लावून एकमेकांना ओढायचा सराव करायचा, आधी नदीत, मग वाऱ्यात. आणि तिसरा माणूस हवा म्हणाली, कारण दोघांतला एक ओढत असेल तर खडकांवर लक्ष ठेवायला कुणीतरी मोकळं पाहिजे. तो कोण असावा, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.