पिट्सबर्गच्या न्यायालयाचे नाक

न्यायालयाच्या इमारतीला मनोरा असला, तर तो पक्षकारांवर दरारा बसवण्यापुरताच असणार, असे आपण गृहीत धरतो. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील ॲलेगेनी काउंटीच्या न्यायालयाचा मनोरा मात्र खरोखर राबण्यासाठी उभारलेला आहे. एकोणिसाव्या शतकातील हे पोलादाचे शहर दगडी कोळशाच्या धुराने काळवंडलेले होते. म्हणून वास्तुरचनाकार हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांनी उंचावरची, त्यातल्या त्यात स्वच्छ हवा मनोऱ्यातून आत ओढून दालनांत खेळवण्याची आणि वापरलेली हवा मागच्या मनोऱ्यांतून बाहेर सोडण्याची योजना केली. वकिलांची भाषणे लांबत असतील, तेव्हा ही सोय अनेकांना न्यायाइतकीच निकडीची वाटली असेल!

आधीची इमारत १८८२ मध्ये आगीत जळाली आणि नवीचे काम १८८४ ते १८८८ असे चालले. ते पुरे होण्याआधीच, १८८६ मध्ये, रिचर्डसन वयाच्या ४७ व्या वर्षी वारले; उरलेले काम त्यांच्या सहकाऱ्यांनी तडीस नेले.

खडबडीत ग्रॅनाइटच्या दर्शनी भागाचे कौतुक सगळेच करतात, पण मला विचाराल तर खरी इमारत आतल्या चौकात आहे. आपल्याकडच्या वाड्याप्रमाणे येथेही चारही बाजूंचे बांधकाम मधल्या उघड्या जागेकडून उजेड घेते, आणि नक्षीचा सोस टाळून एकावर एक चढत गेलेल्या कमानींच्या रांगा केवळ प्रमाणबद्धतेच्या जोरावर नजर धरून ठेवतात. मागच्या रस्त्यापलीकडे त्याच रचनाकाराचा तुरुंग आहे. व्हेनिसमधील प्रसिद्ध पुलाच्या धर्तीवर बांधलेल्या दगडी पुलावरून कैद्यांना रस्त्यावर न आणता थेट न्यायालयात नेता येत असे. तो तुरुंग १९९५ मध्ये बंद झाला आणि पुढे तेथे कौटुंबिक न्यायालय आले.

शहराने मात्र या इमारतीची एक खोडी काढली. समोरच्या ग्रँट स्ट्रीटवरचा चढ वाहतुकीला जड जातो म्हणून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रस्ताच खोल खणण्यात आला, त्यामुळे मूळ प्रवेशद्वार अधांतरी राहिले आणि तळघर रस्त्याच्या पातळीवर आले. तिथवर वाढवलेल्या पायऱ्याही पुढे रुंदीकरणात गेल्या. आता त्या जुन्या तळघरातूनच आत शिरावे लागते, आणि रिचर्डसन यांनी दारातच मांडलेला भव्य जिना पाहायला आधी एक मजला चढावा लागतो.