पंप लावायचा की नाही

बायपासजवळ आमची साइट आहे. बेसमेंटचं खोदकाम, पीसीसी म्हणजे तळाचा साध्या काँक्रीटचा थर झालेला, दुसऱ्या दिवशी राफ्टचं, म्हणजे पायाच्या सलग स्लॅबचं, स्टील येणार आणि नेमका त्याच रात्री पहिला जोरदार पाऊस. इंदूरची काळी माती एकदा फुगली की पाणी जिरतच नाही, सकाळी खड्ड्यात गुडघाभर. त्यात काही नवीन नाही, दरवर्षीचंच.

सहा वाजता चौकीदाराचा फोन, साहेब लवकर या, पिवळे बेडूक निघालेत, शंभर तरी असतील. मला वाटलं रात्रीची उतरली नाही याची. गेलो तर खरंच! लिंबासारखे पिवळेजर्द, तळहाताएवढे, आणि ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवतायत, आवाज एवढा की रॅम्पवर शेजारच्याशी बोलता येईना. मोजले तर चाळीसेक. चौकीदाराचे शंभर म्हणजे चाळीस, हे सिमेंटच्या गोण्यांवरून मला ठाऊक आहे.

लेबर खाली उतरेना. जहरीले आहेत म्हणे. गेटवर व्हिडिओवाले जमले, त्यातला एक विचारतो फिनाइल टाकू का. कचरा कुठल्या डब्यात टाकायचा ते आमच्या शहराला तोंडपाठ, पण बेडूक दिसला की फिनाइल.

मावसबहीण कॉलेजात झूलॉजी शिकवते, तिला फोटो पाठवला. ताई हसायलाच लागली. "अरे, आपला साधा डराव डराव बेडूक आहे हा, होप्लोबॅट्रेकस टायगरिनस. एरवी मातकट हिरवा, पावसात नर तेवढे पिवळे होतात, मग रंग उतरतो. विष-बिष काही नाही. पूर्वी ह्यांच्या तंगड्या परदेशात जायच्या, १९८७ मध्ये निर्यात बंद झाली. आज पंप लावू नकोस हं, अंडी घालतील."

लावू नकोस म्हणायला काय जातं. बार-बेंडरची, म्हणजे सळया वाकवणाऱ्यांची, टोळी रोजावर बसलेली, सेठचे तासातासाला फोन. आणि पाणी हा खरा त्रास नसतोच, त्रास गाळाचा. पीसीसीवर गाळाचा थर राहिला तर सळया वर उचलून धरणारे कव्हर ब्लॉक त्यात रुततात, सळया खाली टेकतात, आणि पुढे गंज धरला की सगळे माझ्याकडे बघणार, गाडीची काच खाली करून साइट बघून जाणाऱ्या कन्सल्टंटकडे नाही.

तरी एक दिवस थांबलो. रजिस्टरमध्ये लिहिलं, पावसामुळे काम बंद. त्या दिवशी लख्ख ऊन होतं.

दुसऱ्या सकाळी बेडूक बरेचसे निघून गेलेले, पाण्यावर जेलीची साय आणि तिच्यात मोहरीसारखे काळे ठिपके. घमेल्याने अलगद उचलून शेजारच्या रिकाम्या प्लॉटच्या डबक्यात टाकत राहिलो, सतरा घमेली. मिस्त्री काका काही बोलले नाहीत, फक्त अठरावं घमेलं हातातून काढून घेतलं आणि पंपाकडे बोट दाखवलं. फुटव्हॉल्वला, म्हणजे पंपाच्या पाइपच्या पाण्यातल्या तोंडाला, ग्रीन नेट गुंडाळलं, ते दर दहा मिनिटांनी चोक व्हायचं, मी सोडवायचो. नेटला काय चिकटत होतं ते लिहीत नाही.

राफ्ट वेळेत झाला. पण मग पावसाने ओढ दिली आणि डबकं आटायला लागलं. ताई म्हणते, पाणी कमी झालं की ह्यांची पिल्लं एकमेकांना खातात. बघितलंय मी, एक मोठं पिल्लू दुसऱ्याला शेपटीकडून धरून ओढत होतं. म्हणून रात्री क्युरिंगचा, काँक्रीटवर पाणी मारायचा, पाइप अर्धा तास तिकडे सोडतो. चौकीदार कुरकुरतो. परवापासून त्या प्लॉटच्या कोपऱ्यात मुरमाच्या दोन गाड्या रिकाम्या झाल्यात, मालक कोण ते कळत नाही. आज अठ्ठाविसावा दिवस, काहींना मागचे पाय फुटलेत.