किनाबाटांगन: होडीतून बोर्निओचं जंगल

बोर्निओ बेटाच्या मलेशियन भागात, साबा राज्यात, किनाबाटांगन ही 560 किलोमीटर लांबीची नदी आहे. प्राणी पाहायचे तर काठावरच्या सुकाऊ किंवा बिलित गावात निदान दोन रात्री राहा. क्वालालंपूरहून विमानाने सांडाकान, पुढे गाडीने साधारण अडीच तास. वाटेत दोन्ही बाजूंना तेलताडाचे मळे संपता संपत नाहीत. नदीवर इतके प्राणी सहज दिसतात ते या मळ्यांमुळेच. जंगल तुटत तुटत काठालगतच्या पट्ट्यांपुरतं उरलं आणि हत्ती, ओरांगउटान सगळे तिथे दाटीने राहू लागले. 2005 साली अभयारण्य जाहीर झालं, पण तेही सलग नाही, तुकड्यातुकड्यांचं आहे. होडीत बसल्यावर आनंदाबरोबर हे सतत टोचत राहतं.

दुपारी चारची फेरी अजिबात चुकवू नका. लांब नाकाची प्रोबॉसिस माकडं रात्रीच्या मुक्कामाला काठावरच्या झाडांवर येतात, ती याच वेळी. मेनांगुल या चिंचोळ्या उपनदीत नावाड्याने इंजिन बंद केलं, तेव्हा एक थोराड नर अगदी डोक्यावरच्या फांदीवर बसला होता. ओठांवर लोंबणारं नाक, पानं पचवून पचवून सुटलेलं पोट. मग पिल्लाला पोटाशी घेतलेली एक मादी थेट पलीकडच्या काठावर झेपावली. खाली मगरी असतात, म्हणून नदी ओलांडायला अशाच अरुंद जागा निवडतात.

पहाटेची फेरी धनेशांसाठी. इथे त्यांच्या आठ जाती आहेत. कोकणात धनेश पाहिलेल्यांना पंखांचा आवाज लगेच ओळखू येईल. हत्ती मात्र दिसतीलच असं नाही.

एप्रिल ते ऑक्टोबर बरा काळ; डिसेंबर-जानेवारीत पाऊस आणि पूर. दुर्बीण माणशी एक हवीच, एकमेकांना देईपर्यंत पक्षी उडून जातो. पायी फिरणार असाल तर जळवांसाठीचे लांब मोजे घ्या. शाकाहारी मंडळींनी ‘बेलाचान नको’ असं आधीच सांगावं, पालेभाजीतसुद्धा ही कोळंबीची चटणी घालतात.

जमल्यास गावातल्या घरी उतरा, म्हणजे पैसे गावात राहतात. आणि फोटोसाठी नावाड्याला ‘अजून जवळ घे’ असा आग्रह कृपया करू नका; माकडांनी झोपायचं झाड सोडलं तर अंधारात दुसरं शोधावं लागतं.