इथिओपियात गणित शिकवताना श्रद्धा वर्गात कुठून आली: माझा अनुभव

इथिओपियातल्या सरकारी कॉलेजात शिकवायला जाणाऱ्या ख्रिस्ती शिक्षकाने तिथल्या १९९५ च्या राज्यघटनेतले ९० वे कलम आधी वाचावे. शिक्षण हे धर्म, पक्ष आणि सांस्कृतिक पूर्वग्रह यांच्या प्रभावापासून मुक्त असावे, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे तासाच्या सुरुवातीला प्रार्थना नाही, फळ्यावर शास्त्रवचन नाही, पत्रके तर नाहीतच. शिवाय हा देश चौथ्या शतकात, अक्सूम या प्राचीन राज्याच्या एझाना राजाच्या काळी ख्रिस्ती झाला. आपण सुवार्ता घेऊन चाललो आहोत ही समजूत घरीच ठेवून निघावे. वर्गात मुसलमान मुलेही बरीच असतात आणि त्यांचा शिक्षकावरचा विश्वास एका चुकीच्या वाक्याने जातो.

मग श्रद्धा वर्गात येते कुठून? माझ्यापुरते सांगायचे तर पहिली जागा म्हणजे पेपर तपासणे. तिथे नावावरून धर्म बहुतेक वेळा लगेच कळतो: गेब्रेमरियम, वोल्देमिकाएल, मोहम्मद. म्हणून मी उत्तरपत्रिकेवर फक्त हजेरी क्रमांक लिहायला सांगत असे आणि गुण भरून झाल्यावरच यादीशी ताडून बघत असे. माझ्या लेखी ही प्रार्थनाच होती.

दुसरी जागा बाहरे हसाब. ईस्टरची तारीख काढण्याची ही तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चची पारंपरिक गणिती रीत. बाकी काढणे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला मिळाले नाही. इथिओपियन वर्षात (ते आपल्या सालाच्या सात-आठ वर्षे मागे असते) ५५०० मिळवायचे; हे जगाच्या उत्पत्तीपासूनचे वर्ष. त्याला १९ ने भागून येणारी बाकी म्हणजे मेदेब. त्यातून १ वजा केला की वेनबेर. वेनबेरला ११ ने गुणून ३० ने भागले की बाकी राहते ती अबेक्ते. १९ ने गुणून तसेच केले की मेत्के. तिथले २०११ साल घ्या: ७५११ ला १९ ने भागून बाकी ६, वेनबेर ५, अबेक्ते २५, मेत्के ५. बेरीज ३०. मुलांना चार-पाच वर्षे काढायला लावायची, म्हणजे बेरीज दर वेळी ३० च येते हे त्यांचे त्यांनाच दिसते. कारण ११ आणि १९ मिळून ३०. हे वर्गातून कोणी ओरडून सांगेपर्यंत आपण गप्प राहायचे.

मुले दोन ठिकाणी अडकतात. मेदेब १ आला की वेनबेर शून्य, मग मेत्केही शून्य निघते. तिथे ३० धरायचे असते. आणि १९ ने भागून बाकीच उरली नाही, तर वेनबेर १८ धरायचा. त्याच ७५११ ला ४ ने भागले तर बाकी ३, म्हणजे ते लूकचे वर्ष. तिथे वर्षांना येशूचे चरित्र लिहिणाऱ्या चार शुभवर्तमानकारांची नावे आहेत आणि लूकच्या वर्षी पाग्मे हा तेरावा महिना पाच ऐवजी सहा दिवसांचा असतो. आपल्या पंचांगातही १९ वर्षांत साधारण ७ अधिकमास येतात, हे मी फळ्यावर शेजारी मांडत असे. मुसलमान मुले हिजरी महिन्यांचा हिशोब सांगायला पुढे येतात. चंद्र आणि सूर्य यांचा मेळ घालण्याचे हे गणित कोणा एका धर्माचे नाही, आणि सृष्टीत अशी शिस्त आहे हे दाखवताना मला देवाचे नाव घ्यावे लागले नाही.

वेळापत्रक करताना चुकू नये. तिथले घड्याळ सूर्योदयापासून मोजते: आपले सकाळचे आठ म्हणजे त्यांचे दोन. तासाची वेळ नेहमी दोन्ही पद्धतींनी लिहावी. ईस्टरआधीचा उपवास ५५ दिवसांचा असतो आणि बरीच मुले दुपारपर्यंत काही खात नाहीत, म्हणून चाचणी सकाळीच घ्यावी. रमजानातही तसेच.

बुधवार-शुक्रवारीही उपवास: मांस, दूध, अंडी वर्ज्य. फक्त ईस्टरनंतरचे ५० दिवस सुटका. उपवासाच्या दिवशी स्टाफरूममध्ये ऑम्लेटचा डबा उघडू नये. मांसाबाबत आणखी एक गोष्ट: ख्रिस्ती आणि मुसलमान सहसा एकमेकांनी कापलेले खात नाहीत. सगळ्यांना घरी बोलवायचे तर उपवासाचे जेवण करावे, ते कोणालाही चालते. आपले बटाटेवडे त्यात चपखल बसतात. पुरणपोळी तेलावर भाजावी, तूप टाळावे. त्यांचे शिरो म्हणजे जवळपास आपले पिठलेच, आणि इंजेरा तेफ या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाचा, आंबोळीचा मोठा भाऊ. अदिस अबाबा सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे, डाळ उघड्या पातेल्यात लवकर शिजत नाही. कुकर आणि जादा रबर घेऊन जावे.

कॉफीला बोलावले तर तासभर हाताशी ठेवूनच जावे. बिया समोर भाजतात, धूर पाहुण्यांपुढे फिरवतात, मग कुटून जेबेना या मातीच्या सुरईत उकळतात. तीन फेऱ्या: अबोल, तोना, बेरेका. बेरेका म्हणजे आशीर्वाद. तो न घेता उठणे यजमानाला लागते. झोप उडत असेल तर अर्धा कप मागावा, चालते.

चर्चला जाताना नेतेला ही पांढरी पातळ शाल अंगावर घ्यावी, चपला बाहेर काढाव्यात. स्त्री-पुरुषांच्या बाजू वेगळ्या असतात. उपासना दोन-तीन तास उभ्याने चालते. प्रभुभोजन ऑर्थोडॉक्स नसलेल्यांना मिळत नाही, रांगेत उभे राहू नये. केबेरो ढोल आणि त्सेनात्सिल हा हाताने हलवायचा खुळखुळा वाजू लागले की टाळ-मृदंगावर भजने म्हणत वाढलेल्या मराठी ख्रिस्ती माणसाला परके वाटत नाही.

लिपीला घाबरू नये, ती बाराखडीसारखीच आहे: ३३ अक्षरे, प्रत्येकाची ७ रूपे. रोज एक ओळ गिरवली तर महिना-सव्वा महिन्यात दुकानांच्या पाट्या वाचता येतात.