दोन नकार आणि एक न सांगितलेला

सकाळी दहाला ती व्हिसाच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात दोन फाइली होत्या. एक बोटभर जाडीची, दुसरी तिच्या तिप्पट. "दुसऱ्या वेळी आम्ही सगळंच जोडलं, दादा," ती म्हणाली. सगळंच म्हणजे ४१२ पानं. त्यातली २७० व्हॉट्सॲपची.

ती ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याच्या परवान्यावर, तिचा जोडीदार भारतात नोकरीला. नातं साडेतीन वर्षांचं, लग्न अजून व्हायचं होतं. त्याला काही दिवस तिच्याकडे यायचं होतं. स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसासाठीचा त्याचा अर्ज दोनदा फेटाळला गेला होता, दुसऱ्यांदा तर पहिल्या नकारानंतर सात आठवड्यांतच.

अशा प्रकरणात मी कागदपत्रांना हात लावण्याआधी नकारपत्र वाचतो. बराचसा मजकूर ठरावीक असतो. मधल्या तीन-चार परिच्छेदांत मात्र अधिकारी याच अर्जाबद्दल बोलत असतो. तेवढंच पेन्सिलने अधोरेखित करायचं. पहिल्या पत्रात अशा तीन ओळी निघाल्या. सहा महिने राहायचं म्हणता, पण रजा तीन आठवड्यांची. अर्जाच्या नऊ दिवस आधी खात्यात चार लाख रुपये आले, ते कुठून आले याचा पुरावा नाही. आणि स्पॉन्सरच्या, म्हणजे तिच्या, पत्रात लिहिलंय की 'आम्ही लवकरच लग्न करून इथे संसार थाटणार आहोत', मग तुम्ही परत जाल असं का मानावं? दुसरं पत्र आणखी त्रोटक होतं. त्याचा मथितार्थ एवढाच, की मागच्या निर्णयानंतर परिस्थितीत काही फरक पडल्याचं दिसत नाही.

दोन्ही पत्रांत नात्याच्या खरेपणावर अवाक्षर नव्हतं. नातं खोटं आहे असं कुणी म्हटलंच नव्हतं. तरी दुसऱ्या फाइलीतली २७० पानं नातं खरं असल्याचं सिद्ध करण्यात खर्ची पडली होती. न विचारलेल्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर दिलं होतं आणि विचारलेले तीन प्रश्न तसेच राहिले होते.

"पण प्रेम आहे म्हटल्यावर..." ती म्हणाली.

प्रेम आहे म्हणूनच अधिकाऱ्याला शंका येते, हे पचायला जरा वेळ लागतो. पाहुण्यांसाठीचे नियम ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमांतल्या 'अपेंडिक्स व्ही'मध्ये आहेत. त्यातल्या व्ही ४.२ नुसार पाहुणा मुदत संपल्यावर देश सोडणारा हवा. वारंवार येऊन इथेच बस्तान बसवणारा नको. त्याचा उद्देश परवानगी असलेला हवा. येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च काम न करता भागला पाहिजे. यजमान खर्च करणार असेल तर त्याची ऐपत आणि तयारी दाखवावी लागते, त्याचा नियम लगेच पुढचा, व्ही ४.३. पार्टनर म्हणजे परत न जाण्याचं सगळ्यात सबळ कारण. नात्याचे पुरावे जितके वाढवाल तितकं ते कारण ठळक होतं. म्हणून नातं थोडक्यात सिद्ध करायचं आणि परतीची कारणं सविस्तर मांडायची. बहुतेक लोक याच्या नेमकं उलट करतात.

व्हिजिटर व्हिसाच्या नकारावर अपील नसतं आणि प्रशासकीय फेरविचारही नसतो. ज्युडिशियल रिव्ह्यूचा मार्ग उरतो, पण तिथे न्यायालय निर्णय कायदेशीर होता की नाही एवढंच तपासतं, स्वतः व्हिसा देत नाही. तो महागही पडतो. त्यामुळे व्यवहारात नवा अर्ज हाच रस्ता. थांबण्याची सक्तीची मुदत नसते. याच सवलतीने या दोघांना फसवलं होतं: सात आठवड्यांत पगाराच्या दोन चिठ्ठ्यांपलीकडे बदलण्यासारखं काय होतं?

खरं काम दुपारी सुरू झालं. दोन्ही अर्ज भारतातल्या एका एजंटाने स्वतःच्या ईमेलवरून भरले होते आणि भरलेल्या फॉर्मची प्रत यांना दिली नव्हती. म्हणून महिन्याभरापूर्वी मी तिच्या जोडीदाराला ब्रिटनच्या गृहखात्याकडे सबजेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट करायला लावली होती. ती फुकट असते, आणि आपल्या नावावर भरलेले जुने फॉर्म त्यातून हाती येतात. ती पीडीएफ त्याच आठवड्यात आली होती. जुना फॉर्म न पाहता नवा भरणं म्हणजे आपणच दिलेली जबानी न वाचता पुन्हा साक्षीला उभं राहणं.

बँकेचं स्टेटमेंट उघडलं आणि फॉर्मशी ओळीने ताडत गेलो. फॉर्ममध्ये महिन्याचा खर्च १५,००० रुपये. स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला सरासरी ४१,००० बाहेर जात होते: भाडं, गाडीचा हप्ता, घरी पाठवलेले पैसे. खर्च कमी दाखवला की बचत जास्त दिसेल, असा एजंटाचा हिशोब असावा. पण १५,००० खर्च खरा धरला तर ६८,००० पगारातून महिन्याला ५३,००० उरायला हवेत, आणि खात्यात ते कुठेच नव्हते. अशा एका विसंगतीमुळे बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. मुक्काम १८० दिवस का लिहिला? व्हिसा सहा महिन्यांचा मिळतो म्हणून. व्हिसाची वैधता वेगळी आणि प्रवासाचा बेत वेगळा, हा फरक फॉर्म भरणाऱ्याच्या लक्षात आला नव्हता.

मग तो प्रश्न आला. पूर्वी ब्रिटनचा किंवा अन्य कोणत्याही देशाचा व्हिसा नाकारला गेला आहे का? पहिल्या अर्जात 'नाही'. दुसऱ्यात 'हो', आणि खाली फक्त ब्रिटनचा पहिला नकार.

याबाबतीत मी फॉर्ममधल्या शब्दांवर विसंबत नाही. त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि विचारलं, "आजवर कुठल्याही देशाच्या व्हिसाच्या खिडकीवरून रिकाम्या हाताने परत आलात का?"

तो क्षणभर गप्प राहिला. "ते अमेरिकेचं... पण सर, ते रिजेक्शन नव्हतं. पासपोर्ट तिथल्या तिथे परत दिला आणि एक कागद हातात ठेवला. शिक्का वगैरे काही मारला नाही."

कागदावर २१४(बी) लिहिलं होतं का? हो, लिहिलं होतं. सहा वर्षांपूर्वी कंपनीच्या कॉन्फरन्सला जाण्यासाठी त्याने अर्ज केला होता. अमेरिकेच्या कायद्यातलं हे कलम म्हणजे अर्जदार मायदेशी परतेल याची खात्री न पटल्याने दिलेला नकार. शिक्का असो वा नसो, तो नकारच. शिवाय ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देश व्हिसाची माहिती एकमेकांना पुरवतात. बोटांचे ठसे तेव्हाही दिले होते, आताही द्यायचे होते.

ती खुर्चीत ताठ बसली. हे तिलाही ठाऊक नव्हतं. पुढची दहा मिनिटं त्यांची होती, मी चहा करायला उठलो.

परत आलो तेव्हा तिचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता. दोनदा त्यांना कळलं नाही, तर तिसऱ्यांदा सांगायचंच कशाला? कारण एकदा चूक झाली तर ती चूक असते. कळल्यावरही तेच उत्तर दिलं की ती लबाडी होते. अर्जात फसवणूक केल्याचं ठरलं तर पुढची दहा वर्षं व्हिजिटर व्हिसाचा रस्ता बंद होऊ शकतो. ब्रिटनच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये 'एए (नायजेरिया)' खटल्यात स्पष्ट केलं होतं, की निव्वळ चुकीचं विधान पुरेसं नाही, त्यामागे अप्रामाणिकपणा लागतो. पण तो भेद आपल्या बाजूने तेव्हाच राहतो, जेव्हा चूक आपण होऊन सांगितलेली असते. नकार ज्या दिवशी मिळाला ती तारीख त्याने जुन्या ईमेलमधून शोधून काढली. नव्या फॉर्ममध्ये तिन्ही नकार तारखांसह गेले, आणि सोबत त्याच्या सहीचं सात ओळींचं निवेदन. आधीच्या दोन अर्जांत हे का आलं नाही, फॉर्म कुणी भरला, अर्जदाराने तो न वाचता का जाऊ दिला. एजंटावर सगळं ढकलायचं नाही, हे मी बजावलं. डिक्लरेशन अर्जदाराच्या नावाने जातं, जबाबदारीही त्याचीच.

या उकरण्यातून एक चांगली गोष्टही हाती लागली. 'फक्त चालू पासपोर्ट लागतो' म्हणून एजंटाने जुना पासपोर्ट बाजूला ठेवला होता. त्यात थायलंड आणि दुबईचे येण्याजाण्याचे शिक्के होते, तेही मुदतीत परतल्याचे. परदेशातून वेळेवर परतल्याचा याहून साधा पुरावा नाही, आणि तो कपाटात पडून होता.

पैशांचं उत्तर आम्ही उलट बाजूने काढलं. ते चार लाख वडिलांनी मुदत ठेव मोडून दिले होते. म्हणजे पैसे खरे होते, पण त्याचे नव्हते. ते कधीच परत गेले होते. आता त्यांचा आधार घ्यायचाच नाही, त्याऐवजी खर्चच त्याच्या कमाईत बसवायचा. मुक्काम १८ दिवस, रजेइतकाच. विमानभाडं सुमारे ६५,००० आणि हातखर्चाला ४०० पौंड, म्हणजे एकूण साधारण १,१०,००० रुपये. पहिल्या नकारानंतरच्या महिन्यांत पगारातून साठत गेलेली शिल्लक २,७४,००० होती. सहा महिन्यांच्या स्टेटमेंटवर पगाराची प्रत्येक नोंद मार्करने रंगवली. १०,००० च्या वरच्या, पगाराव्यतिरिक्तच्या जमा नोंदी तीनच होत्या, त्या प्रत्येकीसमोर एका ओळीत कारण लिहिलं. महिन्याचा खर्च ४१,०००, जसा आहे तसा.

तिची बाजूही तितकीच काटेकोर. वार्षिक पगार ३४,८०० पौंड, हातात महिन्याला सुमारे २,२५०, भाडं ९५०. सहा महिन्यांचं स्टेटमेंट, पगाराच्या चिठ्ठ्या, वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा पी६०, भाडेकरार, आणि घरमालकाचं पाहुण्याला हरकत नसल्याचं दोन ओळींचं पत्र. वास्तव्याचा पुरावा म्हणून आता प्लास्टिकचं कार्ड नाही, ई-व्हिसाचा शेअर कोड, म्हणजे तिची ऑनलाइन नोंद पाहायची किल्ली. तो ९० दिवसच चालतो, म्हणून अर्जाच्या आदल्या दिवशी काढायचा.

लग्नाचं काय करायचं यावर सर्वांत जास्त वेळ गेला. तिचं म्हणणं, ते वाक्य नव्या पत्रातून काढूनच टाकू. पण पहिल्या अर्जाची नोंद अधिकाऱ्यासमोर असते. आधी लिहिलेलं आता गायब झालं, तर ते लपवल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा पूर्ण बेत सांगितलेला बरा. लग्न पुढच्या वर्षी भारतात नोंदणी पद्धतीने. त्यानंतर जोडीदाराच्या व्हिसासाठी भारतातूनच अर्ज. त्यासाठी एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड उत्पन्नाची अट आहे आणि ती तिच्या पगारात आजच पूर्ण होते. शिवाय व्हिजिटर म्हणून आलेल्याला ब्रिटनमध्ये लग्न करता येत नाही, त्याला निराळा मॅरेज व्हिजिटर व्हिसा लागतो, आणि व्हिजिटर व्हिसावरून सर्वसाधारणपणे इथल्या इथे जोडीदाराच्या व्हिसावर जाता येत नाही. हे सगळं माहीत आहे, असं तिच्या पत्रात लिहिलं. सरळ दार उघडं असलेला माणूस खिडकीतून का शिरेल, हा मुद्दा मग न लिहिताही पोचतो.

परतीच्या कारणांत पहिल्यांदा आजोबांच्या नावचा सात-बारा जोडला होता, तोही मराठीत, भाषांतराशिवाय. इंग्रजीत नसलेल्या कागदाला पूर्ण भाषांतर लागतं आणि त्यावर ते अचूक असल्याची ग्वाही, तारीख, भाषांतरकाराचं नाव, सही, संपर्क हे सगळं लागतं. पण भाषांतर करूनही उपयोग काय? त्या उताऱ्यावर याचं नावच नव्हतं. तो काढला. त्याऐवजी सहा वर्षांच्या सलग नोकरीचं ईपीएफ पासबुक, दोन वर्षांचे फॉर्म १६ आणि प्राप्तिकर विवरणपत्रं, घराचा भाडेकरार, आणि कंपनीचं नवं पत्र. जुन्या पत्रात 'रजा मंजूर आहे' एवढंच होतं. नव्यात पद, रुजू झाल्याची तारीख, पगार, रजेच्या दोन्ही तारखा, परत कामावर येण्याचा दिवस आणि सही करणाऱ्याचा थेट फोन नंबर. रजेतही लॅपटॉपवर काम करता येईल असं एक वाक्य कंपनीने हौसेने घातलं होतं. ३१ जानेवारी २०२४ पासून पाहुण्याला परदेशातल्या मालकासाठी असं काम करायची मुभा आहे, पण ते भेटीचं मुख्य कारण असता कामा नये. ते वाक्य आम्ही काढायला लावलं. १८ दिवसांच्या रजेला त्याची गरज नव्हती आणि नसता फाटा फुटला असता.

२७० पानांच्या चॅटमधून १४ ठेवली, साधारण प्रत्येक तिमाहीतलं एक पान. फोटो आठ, खाली ठिकाण आणि तारीख. त्यांच्याहून मोलाचे तिच्या पासपोर्टवरचे भारतात येण्याजाण्याचे तीन फेऱ्यांचे शिक्के.

कव्हरिंग लेटर दोन पानांचं झालं. नकारपत्रातला आक्षेप, खाली बदललेली परिस्थिती, शेवटी पुराव्याचा पान क्रमांक, असं तीन वेळा, आणि मग अमेरिकेचा परिच्छेद. पहिल्या मसुद्यात तिने 'आमच्यावर अन्याय झाला' लिहिलं होतं. मी ते खोडलं. आधीचा निर्णय त्या कागदांवर चुकीचा नव्हताच. एकूण ८६ पानं, सहा पीडीएफ, प्रत्येकीचं नाव आतल्या मजकुरावरून.

संध्याकाळी सातला फाइल बंद केली. अर्ज पुढच्या आठवड्यात गेला. प्रवासाच्या तीन महिने आधीपर्यंतच तो करता येतो आणि आम्ही दोन महिने हाताशी ठेवले होते. विमानाचं तिकीट मुद्दाम काढलं नव्हतं, निर्णयाआधी ते काढायची गरज नसते. ठसे दिल्यापासून एकोणिसाव्या दिवशी व्हिसा मंजूर झाल्याचं कळलं.

तिने फोनवर सांगितलं तेव्हा मी तिला कव्हरिंग लेटर, रजेचं पत्र आणि परतीचं तिकीट त्याच्या हातातल्या बॅगेत ठेवायला सांगितलं, सामानात नाही. विमानतळावरचा अधिकारी तेच प्रश्न पुन्हा विचारू शकतो, आणि 'किती दिवस' याचं उत्तर तेव्हाही १८ च यायला हवं.