नैरोबी ते लागोस: अंतर आणि घड्याळ

नैरोबीत नोकरी करणारा माझा भाचा कामानिमित्त लागोसला जाणार असल्याचे कळताच नाशिकच्या आमच्या घरात ‘म्हणजे शेजारीच की’ असा शेरा उमटला. प्रत्यक्षात या दोन शहरांमधील हवाई अंतर सुमारे ३,८०० किलोमीटर, म्हणजे श्रीनगर ते कन्याकुमारी या सरळ अंतराहूनही बरेच अधिक आहे. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ध्रुवांकडील प्रदेश फुगवलेले असल्यामुळे विषुववृत्तावरची आफ्रिका आपल्याला उगाच आटोपशीर वाटते.

थेट विमानाला साधारण पाच ते साडेपाच तास लागतात. अदिस अबाबामार्गे गेल्यास मात्र आधी उत्तरेकडे जावे लागते, अंतरात हजारांहून अधिक किलोमीटरची भर पडते आणि थांबा धरून बराचसा दिवस प्रवासातच जातो. त्यामुळे थोडे भाडे जास्त पडले तरी थेट विमानच घ्यावे, असे माझे मत आहे.

खरा घोळ घड्याळाचा आहे. केनियाची वेळ नायजेरियाच्या दोन तास पुढे असल्याने, सकाळी आठला निघालेले विमान पाच तासांनी उतरते तेव्हा लागोसमध्ये जेमतेम अकरा वाजलेले असतात, आणि परतीचा तेवढाच प्रवास तिकिटावरील स्थानिक वेळांनुसार सात तासांचा दिसतो. (आमच्या आईंना हे अजूनही पटलेले नाही.)